गंध आणि अपस्मार

रायपूरच्या बाजारात कोणी फेफरे येऊन कोसळला, की भोवतीच्या घोळक्यातून पहिली सूचना येते ती जोडा हुंगविण्याची. कोणी कांदा फोडून पुढे करतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून येथे मराठी घरे नांदत आहेत. पण या उपायापुरता मराठी-छत्तीसगढी असा भेद उरत नाही. दोन-तीन मिनिटांत रोगी शांत होतो आणि यश जोड्याच्या पदरी पडते. वस्तुतः बहुतेक झटके तेवढ्या वेळात आपोआपच थांबतात.

तरीही गंध आणि अपस्मार यांचे नाते निव्वळ भ्रामक नव्हे. चरकसंहितेत या रोगावर नस्य आणि धूप सांगितले आहेत. रोमन काळी गुलाम निरोगी आहे की नाही हे पाहण्यासाठी गगाती नावाचा काळा दगड जाळून त्याला हुंगवीत. दुसऱ्या शतकातील अप्युलेयसने या चालीचा उल्लेख केला आहे.

या नात्याची खरी उकल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. लंडनचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांच्या काही रोग्यांना झटक्यापूर्वी क्षणभर विलक्षण, बहुधा घाणेरडा वास येई. जवळपास तसे काहीच नसे. १८९९ साली स्ट्युअर्ट यांच्यासह त्यांनी अशा झटक्यांविषयी निबंध लिहिला. त्यांचे मूळ शंखखंडाच्या आतल्या, अंकुशासारख्या वळलेल्या भागात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे तो वास बाहेरचा नव्हे, मेंदूतलाच!

मग गंधाने झटका थांबतो काय? १९५६ साली रॉबर्ट एफ्रन यांनी एका गायिकेची हकीकत प्रसिद्ध केली. पूर्वसूचना मिळताच चमेलीचा उग्र वास घेतला, की तिचा झटका पुढे सरकत नसे. परंतु ती शुद्धीवर असताना, अगदी आरंभी. आणि तो एका विशिष्ट रोगिणीचा अनुभव होता. बेशुद्धाच्या नाकाशी धरलेल्या जोड्याला त्याचा आधार नाही.

रायपूरला वैद्यकीय महाविद्यालय निघाले १९६३ साली. जोडा मात्र अद्याप चौकात आहेच. त्याऐवजी रोग्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, तोंडात काहीही घालू नये. झटका पाच मिनिटांहून लांबला तर इस्पितळ गाठावे. आणि घरातले मूल ‘मला कसलासा वास येतो’ असे वारंवार म्हणू लागले, तर त्याला दटावू नये, देवऋष्याकडेही नेऊ नये. त्याचे म्हणणे डॉक्टरांच्या कानी घालावे; निदानाचा धागा कदाचित तेथेच सापडेल.