कुलपांचा क्रम आणि घंटेची हाक

एका पेढीत दोन कारकून आहेत. एकाच्या हाती जमाखर्चाची वही आहे, दुसऱ्याच्या हाती तिजोरीची किल्ली. पहिल्याला किल्ली हवी, दुसऱ्याला वही. आणि हातचे सोडण्यास दोघेही तयार नाहीत. अशा वेळी दिवस मावळला तरी पेढीचे काम तसूभर सरकणार नाही. संगणकाच्या अंतरंगात हाच प्रसंग साठांहून अधिक वर्षे माणसाच्या बुद्धीची परीक्षा पाहत आला आहे.

या कथेचा आरंभ हॉलंडमधला. १९५७-५८ च्या सुमारास अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात एड्सगर डाइक्स्ट्रा हे एक्स-१ या नव्या यंत्रासाठी आज्ञावली रचीत होते. यंत्र घडविणाऱ्या सहकाऱ्यांनी त्यात एक सोय योजिली. एखाद्या उपकरणाचे काम संपताच त्याने जणू घंटा वाजवावी आणि यंत्राने हातचे काम थांबवून तिकडे धाव घ्यावी. हिलाच इंटरप्ट म्हणतात. डाइक्स्ट्रा धास्तावले. घंटा कोणत्या क्षणी वाजेल, हे कोण सांगणार? आज घडलेली चूक उद्या पुन्हा घडून दिसलीच नाही, तर ती शोधावी कशी? तरीही त्यांनी ते काम पत्करले आणि १९५९ साली त्याच विषयावरील प्रबंधाने डॉक्टरेट मिळविली.

पुढे एकाच यंत्रात अनेक कामे एकत्र नांदू लागली आणि पेढीतली ती कोंडी प्रत्यक्षात उभी राहिली. डाइक्स्ट्रांनी तिला ‘मरणमिठी’ अशा अर्थाचे नाव दिले. १९६८ साली आयबीएमचे हॅवेंडर यांनी उपाय मांडला: साधनांचा क्रम ठरवावा व प्रत्येकाने त्याच क्रमाने ती मागावी. सर्वांनी आधी वही आणि मग किल्ली घेतली, तर मिठी पडण्याचा संभवच उरत नाही.

१९९६ साली लिनक्सच्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसरांची सोय झाली, तेव्हा कारभार पाहणाऱ्या संपूर्ण गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, एकच मोठे कुलूप होते. ते निर्धोक, पण संथ. पुढे त्याच्या जागी लहान लहान कुलपे आली आणि क्रमाचा प्रश्न बिकट झाला. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये तर घंटेचीही भर. कुलूप हाती असतानाच त्या प्रोसेसरावर घंटा वाजते. धावून आलेल्याला तेच कुलूप हवे असते. आणि ज्याच्या हाती ते आहे, तो हा परतेपर्यंत जागचा हलू शकत नाही. म्हणून असे कुलूप घेण्याआधी त्या प्रोसेसरापुरती घंटा बंद करावी लागते. तीही क्षणभरच; अन्यथा येणारे संदेश गळून पडू लागतात.

नियम ठाऊक असूनही माणूस चुकतोच. २००६ साली इंगो मोल्नार यांचा ‘लॉकडेप’ हा पहारेकरी लिनक्सच्या २.६.१८ आवृत्तीत आला. चाचणीच्या वेळी कोणते कुलूप कोणत्या कुलपामागून घेतले, याची तो नोंद ठेवतो. उलटा क्रम दिसताच, कोंडी प्रत्यक्ष झालेली नसली तरी, तो इशारा देतो. घंटेच्या कामी लागणारे कुलूप कोणी घंटा चालू ठेवून घेतले, तर तेही दाखवून देतो. २०११ साली ते जुने मोठे कुलूप कायमचे निघाले.

डाइक्स्ट्रांचे भय अनाठायी नव्हते. घंटा केव्हा वाजेल, हे आजही सांगता येत नाही; ती केव्हाही वाजली तरी काम अडू नये, एवढी शिस्त मात्र माणसाला लावून घेता आली.