दांड्याची पकड

शॉक ॲब्सॉर्बर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्प्रिंगमधलं नळकांडं येतं. जुन्या मोटारींचं प्रकरण वेगळं होतं. १९२८ ते १९३१ची फोर्ड मॉडेल ए घ्या. फ्रेमवर द्रवाने भरलेली हुदाय पद्धतीची गोल डबी, तिच्यातून बाहेर आलेला शाफ्ट आणि त्यावर बसवलेला दांडा. चाक उसळलं की दांडा हलतो, शाफ्ट फिरतो, आतली पाती द्रवाला बारीक वाटेतून ढकलते. धक्का जिरतो तो तिथे.

मला यात सगळ्यात अवघड वाटतो तो दांडा आणि शाफ्टचा जोड. हा शाफ्ट गरगर फिरत नाही. थोडा इकडे, थोडा तिकडे. प्रत्येक खड्ड्याला जोर उलटतो. नुसती चावी ठोकून दांडा बसवला, तर ती दोन्हीकडून मार खाऊन ढिली होते. सायकलची कॉटर पिन ढिली झाली की पायाखाली 'खट्' होतं ना, तसंच! समजा शाफ्ट २५ मिमी जाड आणि दांडा १५० मिमी लांब आहे. शाफ्टच्या कडेला ०.१ मिमी खेळ म्हणजे दांड्याच्या टोकाला १.२ मिमी. तेवढ्यात द्रव जागचा हलतसुद्धा नाही.

यावर उपाय सुंदर आहे. शाफ्टवर बारीक दाते, दांड्याच्या भोकात तसेच दाते, भोकाला एक चीर आणि ती आवळणारा आडवा बोल्ट. जोर सगळ्या दात्यांत वाटला जातो, शिवाय दांडा हव्या त्या कोनात बसवता येतो.

मोटरसायकलच्या गिअरचं पेडल आजही बहुधा असंच बसवलेलं असतं. वाकून बघा एकदा!