अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि जपानी चित्रकथा : गती व भावदर्शनाच्या संकेतांचा विचार

बुलढाणा तालुक्यातील धाड हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या प्रदेशात वसलेले आहे. या परिसरातील अभ्यासकाला जपानी चित्रकथांचा, म्हणजेच ‘मांगा’चा, विचार करताना अजिंठ्याचे स्मरण व्हावे हे स्वाभाविक होय. मात्र त्यावरून मांगाचे मूळ अजिंठ्यात शोधण्याचा मोह टाळणे इष्ट ठरते.

वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, इ. स. च्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, लेणी क्र. १६ व १७ निर्माण झाली. सतराव्या लेण्यातील आकाशगामी इंद्राला पंख नाहीत. त्याच्या गळ्यातील हार मागे झुकले आहेत, भोवती मेघ आहेत. एवढ्यावरून उड्डाणाचा प्रत्यय येतो. चित्रकाराने गतीची वेगळी रेषा काढलेली नाही. वाऱ्याने जे हलू शकते, त्याच्याकडूनच ते काम करवून घेतले आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र तरंग, ज्वाला, धूर व पताका वाऱ्याच्या गतीनुसार रेखाटणाऱ्यास चित्रज्ञ मानते, ते याच दृष्टीने. सोळाव्या लेण्यातील ‘मरणासन्न राजकन्या’ या चित्रातही अश्रू काढण्याची गरज भासलेली नाही. कललेली मान, मिटत आलेले डोळे आणि सखींच्या मुद्रा पुरेशा ठरतात.

मांगाची रीत निराळी आहे. घामाचा टपोरा थेंब ओशाळलेपणा दर्शवितो, कपाळावरची फुगलेली शीर राग, नाकातला फुगा झोप. जपानीत अशा चिन्हांना ‘मानपु’ म्हणतात. ती निघाली शरीराच्या अनुभवातूनच. परंतु रूढ झाल्यावर ती शीर केसांवर, क्वचित संवादाच्या फुग्यावरही दिसू लागते. येथे चित्र लिपीच्या जवळ जाते. कोझान-जी मंदिराच्या बाराव्या-तेराव्या शतकांतील प्राणिचित्रांच्या गुंडाळ्यांत बेडकाच्या तोंडातून निघणाऱ्या श्वासरेषा आढळतात. ओसामु तेझुका यांच्या १९४७ मधील ‘शिन ताकाराजिमा’च्या आरंभीची धावती मोटार तर वाचकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली.

होर्यू-जी येथील भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी असलेले साम्य अभ्यासकांनी पूर्वीच नोंदविले आहे. १९४९ च्या आगीत त्या चित्रांची मोठी हानी झाली. पण तो बौद्ध चित्रपरंपरेचा धागा आहे, मांगाचा नव्हे. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे, हा विवेक आपल्या लेखनात अनेकदा सुटतो. अजिंठ्याच्या भिंतींवर आलेले बुद्धचरित्र तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ या दीर्घ चित्रकथेत मांडले. त्यात वेगाच्या रेषाही आहेत आणि घामाचे थेंबही.