ऑडिओ सीडी : संपीडित संगीतापासून

एमपी३, एएसी यांसारख्या संपीडित फाइलींमधील संगीत उलगडून ते कोऱ्या सीडीवर, कोणत्याही साध्या प्लेअरवर वाजेल अशा रूपात लिहिण्याची प्रक्रिया. हीच गाणी ‘डेटा सीडी’ म्हणून लिहिली तर फाइली जशाच्या तशा उतरतात. मात्र एमपी३ ओळखणाऱ्या प्लेअरशिवाय त्या वाजत नाहीत.

ऑडिओ सीडीचे मानक फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरवले. ते ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाते. त्यानुसार ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि डाव्या-उजव्या बाजूचा प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. १२८ किलोबिटांच्या एमपी३चा आकार याच्या अकराव्या हिश्श्याएवढा. पाच मिनिटांचे गाणे एमपी३मध्ये पाच मेगाबाइटांच्या आत बसते, तेच ऑडिओ सीडीवर सुमारे ५३ मेगाबाइट जागा घेते. म्हणूनच ८० मिनिटांच्या सीडीवर अशी सोळाच गाणी मावतात.

आकार वाढला म्हणून आवाज सुधारत नाही, आणि या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज तोच आहे. कानाला जाणवणार नाही असा अंदाज बांधून एमपी३ जो तपशील टाकून देते, तो सीडीवर परत येत नाही. १२८ किलोबिटांवर बहुतेक एन्कोडर (संपीडन करणारी सॉफ्टवेअरे) सुमारे १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापतात. तबल्याच्या किनारीवरचा ‘ना’ वाजण्याच्या क्षणभर आधी बारीक खरखर ऐकू येऊ शकते. याला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. एन्कोडर ध्वनीचे तुकडे पाडून हिशेब करतो, त्यातली चूक संपूर्ण तुकडाभर पसरते आणि आघाताआधीच्या शांततेत उघडी पडते. म्हणून शक्य असेल तिथे फ्लॅक किंवा अ‍ॅपल लॉसलेस ही तपशील न गमावणारी रूपे वापरावीत. एमपी३च असेल तर २५६ किंवा ३२० किलोबिटांची. १२८ची फाइल पुन्हा ३२०मध्ये बदलून घेणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक. त्यात नवी झीज तेवढी होते.

उलगडतानाही नुकसान होते. अलीकडची चित्रपटगीते कमाल पातळीपर्यंत चढवलेली असतात. एमपी३ उलगडल्यावर त्यांची शिखरे १६ बिटांच्या मर्यादेपलीकडे जातात, छाटली जातात आणि आवाज फाटतो. उपाय सोपा आहे : उलगडण्याआधी पातळी थोडी उतरवावी. एमपी३च्या रचनेतच १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी, पुन्हा संपीडन न करता, हे करता येते. वेगवेगळ्या अल्बममधली गाणी एकत्र करताना ‘रिप्लेगेन’ या ध्वनिपातळी मोजण्याच्या पद्धतीच्या आधारे पातळ्या जुळवाव्यात, इक्वलायझर आणि ‘आवाज सुधारणारी’ बटणे बंद ठेवावीत. व्हिडिओतून घेतलेला ध्वनी बहुधा ४८ किलोहर्ट्झचा असतो, तो ४४.१वर आणण्याचे काम चांगल्या सॉफ्टवेअरवर सोपवावे.

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला सर्वाधिक खटकते ती ट्रॅकमधली फट. विलंबित ख्यालातून द्रुत बंदिशीकडे जाताना तानपुरा चालूच असतो, पण ध्वनिमुद्रणात तिथे ट्रॅक बदलतो. ‘ट्रॅक अ‍ॅट वन्स’ पद्धतीने, म्हणजे एकेक ट्रॅक वेगळा, सीडी लिहिल्यास मध्ये सहसा दोन सेकंदांची शांतता पडते. म्हणून ‘डिस्क अ‍ॅट वन्स’ ही सगळी सीडी सलग लिहिण्याची पद्धत निवडून अंतर शून्य ठेवावे. तरीही एमपी३ची फट उरते. ही फाइल १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधलेली असल्यामुळे गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी रिकामे नमुने भरले जातात. ‘लेम’ हा एन्कोडर त्यांची संख्या फाइलीत नोंदवतो आणि ती वाचणारे सॉफ्टवेअर ते कापून टाकते. शिवाय सीडीचा सेक्टर ५८८ नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाच्या ७५व्या भागाचा असतो. ट्रॅकची लांबी त्यात नेमकी बसली नाही, तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाऊन सांध्यावर टिक्‌ असा आवाज येऊ शकतो. सगळी मैफल एकाच वेव्ह फाइलीत उलगडून ट्रॅकच्या खुणा क्यू-शीटने देणे हा खात्रीचा मार्ग.

लेखनाच्या वेगाबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. लेखन बिघडले तर टिकटिक ऐकू येते किंवा गाणे अडते. सूर ‘पातळ’ होत नाही. मध्यम वेग आणि बऱ्यापैकी सीडी-आर पुरे. सीडी-आरडब्ल्यू प्रकाश कमी परावर्तित करते, त्यामुळे जुने प्लेअर ती अनेकदा वाचत नाहीत.

अशा सीडीवरून पुन्हा एमपी३ बनवू नये. त्यात दुसऱ्यांदा झीज होते. मूळ फाइली जपाव्यात आणि सीडीच्या कव्हरवर त्यांचा बिटरेट लिहून ठेवावा, कारण संगणकाला ही सीडी दुकानातल्या सीडीसारखीच दिसते.