थंड पाणी दाताला का झोंबते? एका जुन्या कोड्याची गोष्ट

"डॉक्टर, थंड पाणी प्यायले की दातातून सणक जाते. नस उघडी पडली असेल का?" असे तुम्ही अनेकदा विचारता. बहुतेक वेळा नस उघडी पडलेली नसते. मग कळ येते कशी, हे कोडे दंतवैद्यांनाही बराच काळ सुटले नव्हते.

दाताच्या वरच्या कठीण आवरणाला, म्हणजे इनॅमलला, संवेदना नसते. त्याखालच्या डेंटिनमध्ये मात्र आतल्या नसेकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. हॉलंडच्या लेव्हेनहूकने त्या सतराव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. पण मज्जातंतू या नळ्यांत थोडेच अंतर जातात, बाहेरच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. तरीही त्या कडेला नुसते टोकरले तरी कळ येते!

१९०० साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड गीझी यांनी तर्क मांडला, की नळ्यांतला द्रव हलतो आणि त्याचा धक्का आत पोचतो. १९६०च्या दशकात स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी प्रयोगांनी त्याला बळ दिले. उघड्या डेंटिनवर कोरडा टिपकागद ठेवला, की दुखे. कारण कागद द्रव ओढून घेई. साखरेच्या दाट द्रावणानेही तसेच होई. उलट पोटॅशियम क्लोराइड नसेवर थेट लावले तर कळ येई, डेंटिनवर लावले तर येत नसे. महागड्या यंत्राऐवजी टिपकागदाने उत्तर मिळाले, हे मला फार आवडते.

आता उपचार समजायला सोपा जातो: नळ्यांची तोंडे बुजवा, नाहीतर नस शांत करा. १९६१ साली आलेल्या सेन्सोडाइनमध्ये तोंडे बुजवण्यासाठी स्ट्रॉन्शियम क्लोराइड होते. पुढे नस शांत करणारे पोटॅशियम नायट्रेट आले. अशा पेस्टचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून ती सोडू नका.

नळ्या उघड्या पडतात त्या हिरड्या खाली सरकल्याने किंवा दात झिजल्याने. मशेरी, राखुंडी, कडक ब्रशने आडवे घासणे, सतत लिंबूपाणी किंवा कोल्ड्रिंक पिणे, ही त्याची नेहमीची कारणे. ती चालू ठेवून नुसती पेस्ट बदलण्यात अर्थ नाही.

थंड पाणी गिळल्यावरही कळ रेंगाळत असेल, गरम चहाने दुखत असेल किंवा रात्री ठणक्याने जाग येत असेल, तर मात्र आतली नस सुजलेली असू शकते. तेव्हा पेस्टवर वेळ न घालवता दंतवैद्याकडे जा.