प्रस्तावना : मूठभर जंतूंच्या शोधात

उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि खाडीकाठी भाईंदरची मिठागरे. मीरा-भाईंदरमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्याच्या दारातच व्हिब्रिओचे घर आहे. कोमट खाऱ्या पाण्यात, कोळंबी-कालवांवर हे कूळ मुळातच नांदते. कॉलऱ्याचा जंतूही त्यातलाच. अडचण येते ती त्याला वेगळे काढताना. जुलाब ओसरू लागले की शौचाच्या नमुन्यात रोगजंतू मूठभर उरतात आणि आतड्यातले नेहमीचे रहिवासी अब्जावधी असतात. नमुना थेट प्लेटवर ओढला, तर हवा तो जंतू त्या गर्दीत हरवतो. त्याला आधी वाढू देणारी, इतरांना थोपवणारी निवडक संवर्धन माध्यमे हा या पुस्तकाचा विषय.

अल्कलाइन पेप्टोन वॉटरचेच पाहा. १ टक्का पेप्टोन, १ टक्का मीठ आणि पीएच ८.६ च्या आसपास, एवढेच. त्यात इतर आंत्रजंतू मंदावतात. व्हिब्रिओ भराभर वाढतात आणि हवेसाठी वर येतात. म्हणून सहा ते आठ तासांनी, बाटली न हलवता, लूप पृष्ठभागालगतच बुडवायचा. टीसीबीएस प्लेटवर मग कॉलऱ्याच्या जंतूंचे पुंजके पिवळे दिसतात, पॅराहिमोलिटिकसचे हिरवे. लूप घ्यायला उशीर झाला, तर थोपवलेली मंडळीही डोके वर काढतात.

साल्मोनेलासाठी लायफसनने १९३६ मध्ये सेलेनाइट ब्रॉथ मांडला. तो ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे पुरतात. जास्त तापला की तळाशी विटकरी साका बसतो. ती बाटली वापरू नये. आणि सेलेनाइट माणसालाही विषारी आहे, हे हातमोजे घालतानाच आठवावे.

नवख्यांना मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे : जे माध्यम इतरांना रोखते, ते आपल्या जंतूलाही छळतेच. उन्हात वाळलेल्या बोंबलावरचा किंवा गोठवलेल्या कोळंबीतला साल्मोनेला आधीच अर्धमेला असतो. तो सरळ निवडक माध्यमात टाकला तर मरतो आणि अहवालात 'आढळला नाही' असे लिहिले जाते. म्हणून अन्नाचा नमुना आधी साध्या बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये ३७ अंशांवर सुमारे १८ तास सावरू द्यावा.

शिगेलाला साल्मोनेलाइतके भरवशाचे माध्यम अजून लाभलेले नाही. तिथे ताजा नमुना तातडीने थेट प्लेटवर ओढावा. नमुना घेतल्याची वेळ लेबलवर लिहायला विसरू नये.