वटवाघुळाच्या छायेंतील चित्रकार

१९३९ सालीं न्यूयॉर्कच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ मासिकाच्या २७ व्या अंकांत बॅटमॅन अवतरला. रात्रीं संचार करणाऱ्या या वीराच्या चित्रांवर पुढें कित्येक वर्षें सही मात्र एकट्या बॉब केनची! करारच तसा होता. वस्तुतः पहिली कथा बिल फिंगरनें लिहिलेली. ताठ पंखांऐवजीं झगाहि त्याच्याच सूचनेनें आला. जेरी रॉबिन्सन, डिक स्प्रँग यांनीं चित्रें काढलीं. शेल्डन मॉल्डॉफ तर १९५३ पासून १९६७ पर्यंत निनांवी राबला. तोंवर मूळचा काळोख जाऊन थट्टेचा थाट आला होता. १९७० च्या सुमारास नील अ‍ॅडम्सनें लांब सावल्या पुनः आणल्या, आणि त्या स्वतःच्या नांवानें. फिंगर १९७४ सालीं निवर्तला. निर्मात्यांत त्याचें नांव छापलें जाऊं लागलें तें २०१५ सालीं.